कचेरी आणि बिनभिंतींचं कोर्ट

आज कोर्टाच्या इमारतीची गोष्ट आहे, आणि पुढं ज्या कोर्टाला इमारतच नव्हती त्याचीही.

वाळवा तालुक्यातला माणूस ‘इस्लामपूरला चाललोय’ म्हणाला की घरचे विचारतात, बाजारला का कचेरीला? हा ‘कचेरी’ शब्द नीट ऐका. इंग्रजांच्या काळात तालुक्याच्या कचेरीत सरकार एकवटलेलं असायचं. जाड भिंती, कौलं, पुढं खांबांचा व्हरांडा. आत मामलेदार बसायचा. तोच सारा वसूल करणार आणि मॅजिस्ट्रेट म्हणून शिक्षाही तोच देणार. खजिना तिथंच, त्याच्यावर बंदूकवाला पहारा. शेतकरी व्हरांड्यात बसून पुकाऱ्याची वाट बघायचा. म्हणजे सारा थकला तरी तिथंच, भांडण झालं तरी तिथंच.

आधी असं नव्हतं. १८१८ ला पेशवाई गेली, तेव्हा एल्फिन्स्टननं गावच्या पंचायती लगेच मोडल्या नाहीत. पण १८२७ ची रेग्युलेशनं आली, कागद आणि वकील आले, पंचायती मागं पडल्या. साताऱ्याचं राज्य १८४८ ला खालसा झालं आणि पुढं तिथल्या नव्या राजवाड्यात जिल्हा न्यायालय भरू लागलं. वाडा राजाचा, निवाडा इंग्रजांचा! इस्लामपूर तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. दक्षिण सातारा वेगळा झाला तो १९४९ ला, आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० ला.

आता १९४२ मध्ये या. चले जाव सुरू झालं आणि साताऱ्यातल्या माणसांचे मोर्चे निघाले ते थेट कचेऱ्यांवर. का? तर तिरंगा लावायचा तो त्याच छपरावर. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तो लागला, मामलेदाराला गांधी टोपी घालायला लावली. ९ सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, नऊ माणसं गेली. त्याच सुमारास इस्लामपूरच्या मोर्चावरही गोळ्या झाडल्या. दोघं गेले: किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनियर उमाशंकर पंड्या आणि कामेरीचे विष्णू बारपटे. एक कारखान्यातला, एक शेजारच्या गावचा. मोर्चा कुणाचा होता, हे या दोन नावांतच कळतं.

यानंतर लोकांनी काय केलं, ते मला जास्त मोलाचं वाटतं. कचेरी घेता येत नाही ना? मग तिच्याकडं जायचंच नाही. १९४३ पासून नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगाव न्यायदान मंडळं उभी केली. नाना पाटील याच तालुक्यातल्या येडे मच्छिंद्रचे. जमीन, सावकारी, नवराबायकोची भांडणं, सगळं गावातच पंचांसमोर. ना स्टॅम्प, ना वकिलाची फी, ना तारखेसाठी हेलपाटे. आणि ही कल्पना आभाळातून पडली नव्हती. शेजारच्या औंध संस्थानात १९३९ पासून राजानं स्वतःच पंचायतींकडं कारभार सोपवला होता, आणि प्रतिसरकारचं मोठं ठाणं असलेलं कुंडल हे औंधचंच गाव.

पण गोडवे गाताना एक विसरू नका. या कोर्टात शिक्षा म्हणून तळपायावर काठ्याही बसायच्या. ‘पायाला पत्री ठोकतात’ अशी वदंता पसरली आणि ‘पत्री सरकार’ हे नाव पडलं ते त्यातूनच, असं सांगतात. गावगुंड आणि दरोडेखोर वठणीवर आले, हे खरं. तरी बंद खोलीतली मारहाण वाईट आणि चावडीवरची चांगली, असं मला काही म्हणता येत नाही.

१९४६ ला नाना पाटील उघडपणे लोकांत आले, मंडळं थांबली आणि भांडणं परत कचेरीत गेली. आजही बांधावरचा रस्ता कुणी अडवला की अर्ज तहसीलदाराकडंच जातो. कायदा कुठला? मामलेदार कोर्ट ॲक्ट, १९०६. बाहेर बाकावर बसून पुकाऱ्याची वाट बघायची.