मोजमाप पुस्तिका ते फाइव्ह-डी मॉडेल

1854 साली डलहौसीच्या काळात सार्वजनिक बांधकाम खातं उभं राहिलं. एस्टिमेटची ढोबळ रीत अजून जुनीच: लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार, त्याला दरसूचीतला दर, आणि काम झालं की मोजमाप पुस्तिकेत नोंद. मापं मेट्रिक झाली, पण शहापूर-मुरबाडात खडी आजही ब्रासनेच येते, म्हणजे 100 घनफुटाने.

आपल्याच राज्यात नागपूर मेट्रोने वेगळी वाट धरली. 8,680 कोटींच्या पहिल्या टप्प्यात कॉम्प्युटरवरच्या मॉडेलला वेळ आणि खर्चही जोडला, म्हणून फाइव्ह-डी. अशा मॉडेलमध्ये भिंत सरकवली की विटांचा आकडा आपोआप बदलतो. हाताने करताना दाराचा गाळा वजा करायचा राहिला, तर कुणाला पत्ता लागणार?

आपल्याकडे खरी गोम मात्र पायात आणि वाहतुकीत असते. खोदताना मुरूम लागला की कठीण खडक, त्यावर दर ठरतो. खडी किती लांबून आणली, ते ‘लीड’. माळशेजच्या पायथ्याच्या गावांना तेच जड जातं. या दोन्ही गोष्टी मॉडेललाही माणूसच सांगणार. तेव्हा गावात शाळेची खोली किंवा साकव मंजूर झाला, की माहिती अधिकारात एस्टिमेट मागा आणि आधी ही दोन पानं बघा.