जुन्या घराचे कागद कसे शोधायचे? प्रॉपर्टी कार्ड, इंडेक्स टू आणि वारसांची नोंद

आमच्या आजोळचे घर औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) जुन्या शहरात आहे. रस्ता रुंदीकरणासाठी भिंतीवर लाल खूण पडली आणि मोबदल्यासाठी मालकीचा कागद मागितला गेला. थोरल्या मामूंनी पेटी उघडून चाळीस वर्षांच्या घरपट्टीच्या पावत्या पुढे ठेवल्या. एकही वर्ष चुकलेले नव्हते. पण प्रॉपर्टी कार्ड काढले तर त्यावर नाव नानांच्या वालिदांचे! म्हणजे दोन पिढ्या घरात जन्मल्या, राहिल्या, गेल्या आणि सरकारी दप्तरात त्यातल्या एकाचीही नोंद नाही. हा प्रकार आमच्याच घरी झाला असे नाही. शाळेतल्या पालकांशी बोललो तेव्हा कळले की अर्ध्या मोहल्ल्याची हीच गोष्ट आहे. म्हणून कोणता कागद कुठे मिळतो आणि तो काय सांगतो, ते इथे लिहीत आहोत.

घरपट्टी म्हणजे मालकी नव्हे

महापालिका घरपट्टीचे बिल कोणाच्या नावाने काढते? कर भरणाऱ्याच्या. ते कर वसुलीचे रजिस्टर आहे. बिलावर नाव आहे म्हणून कोणी मालक होत नाही आणि नाव नाही म्हणून कोणाचा हक्क जात नाही. लाइट बिल आणि रेशन कार्ड यांचेही तसेच. हे कागद ताबा दाखवायला उपयोगी पडतात, जपून जरूर ठेवा. पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

शहरातल्या मोजणी झालेल्या भागात बघायचा कागद म्हणजे मालमत्ता पत्रक, बोलीभाषेत प्रॉपर्टी कार्ड. विदर्भात याला आखीव पत्रिका म्हणतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 प्रमाणे नगर भूमापन कार्यालय ते ठेवते. प्रत्येक तुकड्याला एक नगर भूमापन क्रमांक असतो, ज्याला सगळे सीटीएस नंबर म्हणतात. हा नंबर हातात आला की निम्मे काम झाले. तो जुन्या खरेदीखतात, बांधकाम परवान्यात किंवा शेजाऱ्याच्या कार्डावरून सापडतो. नाहीच सापडला तर कार्यालयात नकाशाच्या शीटवर आपली गल्ली दाखवून विचारायचे.

घरबसल्या बघायचे असेल तर ‘महाभूलेख’ या सरकारी संकेतस्थळावर मालमत्ता पत्रक निवडा, जिल्हा आणि कार्यालय टाका, नंबर टाका, कार्ड फुकट दिसते. पण ते फक्त माहितीसाठी. कोर्ट, बँक किंवा मोबदल्यासाठी डिजिटल सहीचे कार्ड ‘डिजिटल सातबारा’ पोर्टलवर शुल्क भरून मिळते, नाहीतर कार्यालयातून नक्कल घ्यायची.

नावाने शोधाल तर फसाल, हे आधीच सांगतो. आपल्या नावांची दप्तरात फार वाट लागलेली असते. अब्दुल रहीमचे ‘अ. रहीम’, शेख इस्माईलचे ‘शे. इसमाइल’, मोहम्मदचे नुसते ‘म.’. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आम्ही हे रोज बघतो. एकाच माणसाचे नाव दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, कार्डावर तिसरे. तेव्हा शोध नंबरनेच घ्यावा आणि नाव जुळत नसेल तर ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे.

कार्ड कसे वाचायचे

वरच्या भागात क्षेत्र चौरस मीटरमध्ये, सत्ता प्रकार, मूळ धारक, पट्टेदार आणि इतर भार असतात. जागा सरकारी पट्ट्याची असेल तर ती इथे कळते. आपण बहुतेक जण हा भाग बघतो आणि कार्ड घडी घालून ठेवतो. खरी कहाणी खालच्या तक्त्यात आहे. तारीख, व्यवहार, नवीन धारक किंवा भार आणि शेवटी अधिकाऱ्याचे साक्षांकन. वारसाने, खरेदीने, बक्षिसाने, हक्कसोडपत्राने, जे काही झाले ते ओळीने लिहिलेले असते. बँकेचा बोजाही इथेच. कंसात टाकलेले नाव म्हणजे कमी झालेले नाव. ते कोणत्या व्यवहाराने कमी झाले, ते बाजूची नोंद वाचून तपासा आणि त्या नोंदीचे मूळ कागद नक्कल अर्ज करून मागवा.

कार्डावरची नोंद कायद्याने खरी धरली जाते, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. नोंदीने मालकी तयार होत नाही. मालकी खरेदीखताने येते, हिब्याने येते किंवा वारशाने येते. हा फरक पुढे कामाला येईल.

इंडेक्स टू

खरेदीखताची नोंदणी झाली की दुय्यम निबंधकांकडे त्याचा सारांश सूची क्रमांक 2 मध्ये जातो. नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 57 प्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांची ही सूची फी भरून कोणीही बघू शकतो, नक्कलही घेऊ शकतो. मालकाची परवानगी लागत नाही. मृत्युपत्रांचे पुस्तक मात्र असे उघडे नसते. नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर मुंबईचे 1985 पासूनचे आणि बाकी महाराष्ट्राचे 2002 पासूनचे दस्त शोधता येतात. त्याआधीचे कार्यालयात जाऊनच. घर घेण्याआधी किमान तीस वर्षांचा शोध घ्यावा, असे वकील सांगतात ते बरोबर आहे.

आता आपल्या समाजापुरती एक खास गोष्ट. तोंडी हिबा आपल्याकडे सर्रास होतो. देणाऱ्याने जाहीर केले, घेणाऱ्याने कबूल केले आणि ताबा दिला की हिबा पूर्ण होतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम 129 ने मुस्लिम कायद्यातल्या हिब्याला सूट आहे आणि 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हफीजा बीबी खटल्यात सांगितले की हिबा लिहून ठेवला म्हणून त्याची नोंदणी सक्तीची होत नाही. कायदा आपल्या बाजूने आहे खरा. पण मग असा हिबा इंडेक्स टूमध्ये दिसणारच नाही. तेव्हा जुन्या मोहल्ल्यात घर घेताना घरच्या वडीलधाऱ्यांना ‘हिबा झालाय का’ असे स्पष्ट विचारा. आणि हिबा झाला असेल तर तीन महिन्यांत नगर भूमापन कार्यालयाला कळवा. कोणताही हक्क मिळाला की तीन महिन्यांत कळवायचे, असे महसूल संहितेचे कलम 149 सांगते. नोंदणीकृत दस्ताची खबर निबंधकांकडून जाते, हिब्याची आणि वारशाची आपणच द्यायची.

बाँडवरचे प्लॉट

शहराच्या कडेला वीस बाय तीसचे प्लॉट शंभराच्या बाँडवर नोटरी करून विकले गेले. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. अशा जागेला बहुधा प्रॉपर्टी कार्ड नसते, सातबाऱ्यावर मूळ शेतकऱ्याचेच नाव असते. 2001 चा गुंठेवारी कायदा आणि त्यातली 2021 ची दुरुस्ती यामुळे 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे नियमित करता येतात. मात्र त्याने बांधकाम नियमित होते, खरेदीखताची उणीव भरून निघत नाही. सातबाऱ्यावरच्या मालकाकडून नोंदणीकृत खरेदीखत करून घेता आले तर आधी ते करा, तो हयात आहे तोवर.

उर्दूतले कागद

मराठवाड्यात निजामाच्या काळचे कागद उर्दूत आहेत, मुन्तखब, बैनामा, नकाशावरचे शेरे. नवीन पोरांना वाचता येत नाही म्हणून रद्दीत गेलेले आम्ही पाहिले आहेत. सन फसलीत असेल तर साधारण 590 मिळवा. 1340 फसली म्हणजे 1930-31. हिजरी सनाला हे गणित चालत नाही. जागा वक्फची असल्याचा जरा जरी संशय आला तर वक्फ मंडळाच्या यादीत पडताळा करा. मंडळाचे मुख्यालय आमच्याच शहरात पाणचक्कीला आहे.

वारसांची नोंद

मृत्यूचे दाखले, सर्व वारसांची नावे सांगणारे प्रतिज्ञापत्र, कार्डाची नक्कल आणि अर्ज. कार्यालय हितसंबंधितांना नोटीस काढते, हरकतीसाठी 15 दिवस देते, मग नोंद प्रमाणित होते. वाद निघाला तर मामला दिवाणी न्यायालयात जातो.

आपल्याकडे हिस्सा मृत्यूच्या क्षणीच ठरतो, म्हणून मृत्यूच्या तारखा फार महत्त्वाच्या. मुलगा बापाच्या आधी गेला आणि दुसरे मुलगे हयात असतील तर त्याच्या मुलांना आजोबांच्या मिळकतीत वारसा नाही. एक दिवस नंतर गेला तर आहे. वाटणी न होता दोन-तीन मृत्यू झाले असतील तर मुनासखा, म्हणजे एकामागून एक वाटणी करावी लागते. कोणा जाणकार आलिमाकडून किंवा वकिलाकडून तो तक्ता कागदावर उतरवून घ्या. मृत्यूची नोंद वर्षभरात झाली नसेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्याला वेळ जातो, ते काम आधी सुरू करा.

आणि बहिणींची नावे. प्रतिज्ञापत्रात ‘सर्व वारस’ लिहून फक्त भावांची नावे टाकायची ही खोड आहे, ती आमच्याही घरी होती. मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा आहे, शून्य नाही. वारस नोंदीत नाव नाही म्हणून तो जात नाही, पण मोबदल्याचा चेक कार्डावरच्या नावांना मिळतो, हे लक्षात ठेवा. नाव वगळून नोंद झाली असेल तर 60 दिवसांत भूमी अभिलेखच्या वरिष्ठ कार्यालयात अपील करता येते. मुदत गेली असेल तर विलंब माफीचा अर्ज सोबत जोडायचा. हक्कसोडपत्र करायचेच असेल तर ते निबंधकांसमोर, वाचून आणि समजून झाले पाहिजे. लग्नघरात कोऱ्या कागदावर घेतलेली सही नको.

आमच्या नानांच्या घरात मुनासख्याचा तक्ता केला तेव्हा चौदा वारस निघाले, त्यात अम्मी आणि दोन्ही खाला. थोरल्या मामूंनी तक्ता दोनदा वाचला आणि म्हणाले, “हमकू तो लगता था सब अपने नाम पर है.” अर्जावर पहिली सही त्यांनीच केली. धाकट्या खाला मुंब्र्याला असतात. त्यांचा मृत्यूच्या दाखल्याशी जुळणारा शाळेचा दाखला अजून मिळालेला नाही, त्या दाखल्यावर वालिदांचे नाव ‘अ. गनी’ आहे आणि कार्डावर ‘अब्दुल गनी’. प्रतिज्ञापत्र झाले आहे, सुनावणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे.