गॅस्केट जळाले, पण का? : रोव्हरच्या एका इंजिनाची उलटतपासणी

१/ इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या दक्षिणेस लाँगब्रिज नावाचा भाग आहे. १९०५ मध्ये हर्बर्ट ऑस्टिन यांनी तेथे मोटारींचा कारखाना सुरू केला. बरोबर शंभर वर्षांनी, एप्रिल २००५ मध्ये, तेथील एमजी रोव्हर कंपनीचे दिवाळे निघाले आणि ६,००० हून अधिक कामगारांचा रोजगार गेला. या शेवटाची चर्चा निघाली की एक आरोपी हमखास पुढे केला जातो : हेड गॅस्केट. हा आरोप कितपत टिकतो, ते पाहू.

२/ प्रथम आरोपीची ओळख. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक. त्यात सिलिंडर असतात. वरचे झाकण म्हणजे हेड. या दोहोंमध्ये दाबून बसवलेला पातळ थर म्हणजे हेड गॅस्केट. सिलिंडरमधील जळता वायू, वंगणाचे ऑइल आणि इंजिन थंड राखणारे कूलंट यांना एकमेकांत मिसळू न देणे, एवढेच त्याचे काम. ते फाटले की हे तिघे परस्परांच्या हद्दीत शिरतात.

३/ रोव्हरने १९८९ मध्ये ‘के-सिरीज’ हे नवे इंजिन बाजारात आणले. (मारुतीच्या के-सिरीजशी याचा काहीही संबंध नाही.) अ‍ॅल्युमिनियमचे, वजनाने हलके, इंधनाच्या बाबतीत काटकसरी. हेडपासून तळापर्यंत आरपार जाणारे दहा लांब बोल्ट सगळे थर एकत्र आवळून धरत. ब्रिटिश अभियांत्रिकीला अभिमान वाटावा अशीच ही रचना होती.

४/ मूळ इंजिन १.४ लिटरपर्यंतचे होते. नव्वदच्या दशकात मोठ्या गाड्यांसाठी अधिक ताकद हवी होती. म्हणून त्याच चौकटीत १.६ आणि १.८ लिटरची इंजिने बसवली गेली. सिलिंडरचा व्यास ७५ मिलिमीटरवरून ८० वर गेला, १.८ मध्ये पिस्टनची धाव ७९ वरून ८९.३ मिलिमीटर झाली. त्यासाठी सिलिंडरच्या लायनरचा आधारही बदलावा लागला. १९९५ ची एमजी एफ, १९९६ ची लोटस एलिस, १९९७ ची फ्रीलँडर या गाड्यांत हे १.८ लिटरचे इंजिन आले आणि तक्रारींचा ओघही वाढला.

५/ लक्षणे ठरलेली असत. सकाळी गाडी सुरू होताच इंजिन थरथरे, एखादा सिलिंडर साथ देत नसे. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग’ करी. सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर. बाहेर थेंबही न सांडता कूलंट कमी होणे. ऑइल कॅपच्या आत सायीसारखा थर.

६/ परंतु लक्षण हा पुरावा नव्हे. मिसिंग खराब स्पार्क प्लगनेही होते. थंडीत रोज थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीच्या ऑइल कॅपखाली नुसत्या दवानेही साय धरते. म्हणून जाणता मेकॅनिक दुसरा साक्षीदार शोधतो. कॉम्प्रेशन मोजले असता शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब उतरलेला दिसतो का? कूलंटच्या टाकीतील हवा निळ्या रसायनातून ओढली असता ते पिवळे पडते का? तसे झाले, तर जळता वायू कूलंटमध्ये शिरला, हे सिद्ध होते.

७/ एवढ्याने गॅस्केट फाटले हे कळते. का फाटले, ते नाही. या इंजिनात थर्मोस्टॅट कूलंट इंजिनात शिरण्याच्या बाजूला होता. इंजिन तापून तो उघडला की रेडिएटरमधील गार कूलंट थेट तापलेल्या ब्लॉकमध्ये येई. तो पुन्हा मिटे, पुन्हा उघडे. धातूला हे गरम-गार धक्के सोसावे लागत. हेड आणि ब्लॉक कमी-अधिक प्रसरण पावत आणि एकमेकांवर किंचित सरकत. हेड जागेवर बसवणाऱ्या खुंट्या प्लास्टिकच्या होत्या; त्या ही हालचाल पुरेशी रोखत नसत. गॅस्केटवरची रबरासारखी सीलची कड हळूहळू सुटत जाई.

८/ त्यातच इंजिनातील एकूण कूलंट थोडे. इनटेक मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून ते नकळत झिरपले, तरी चालकाला पत्ता लागत नसे. पातळी उतरली की इंजिन तापे आणि मग हेड गॅस्केट जाई. म्हणजे अनेकदा दोषी ठरलेले गॅस्केट हे दुसऱ्याच गळतीचे बळी असे.

९/ येथेच ग्राहकांचे खरे नुकसान झाले. हेड उतरवून नवे गॅस्केट घातले, पण गळती तशीच राहिली, लायनरची उंची तपासली नाही, की काही महिन्यांत तोच आजार परत. पैसा पुन्हा, मनस्ताप पुन्हा आणि बदनामी मात्र कायमची.

१०/ उपाय सापडले, पण तुकड्यातुकड्यांनी : पोलादी खुंट्या, दाबानुसार उघडणारा वेगळा थर्मोस्टॅट, अनेक पोलादी थरांचे गॅस्केट. इंजिन सुधारता येण्याजोगे होते, याचाच हा पुरावा.

११/ मग कंपनी गॅस्केटमुळे बुडाली का? बीएमडब्ल्यूने २००० साली हा व्यवसाय अवघ्या १० पौंडांना फिनिक्स गटाला विकला. त्यानंतर नव्या मॉडेलांसाठी भांडवल नव्हते, सक्षम भागीदार मिळाला नाही, विक्री घटत गेली. गॅस्केटच्या लौकिकाने ग्राहकाचा विश्वास पोखरला हे खरे. पण त्याला एकमेव कारण मानणे म्हणजे ऑइल कॅप पाहून निदान करण्यासारखेच आहे.

१२/ कंपनी गेली, इंजिन उरले. त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढे चीनमध्ये बनत राहिल्या. एमजी हे नाव चिनी मालकीसह २०१९ मध्ये भारतात आले. हेक्टर गाडी गुजरातमधील हलोल येथे तयार होऊ लागली. तिच्यात हे इंजिन नाही. ब्रिटनमधील जुन्या रोव्हर आणि एमजी गाड्यांत मात्र ते आजही आहे, आणि त्या नीट जाणणारा मेकॅनिक हेडच्या बोल्टला पाना लावण्याआधी एकच प्रश्न विचारतो : कूलंट आधी गेले कुठून?