अष्टप्रधानांची यादी वाचताना

‘शिवकालीन प्रशासनातून नेतृत्वाचे धडे’ असा विषय घेऊन सिनॉप्सिस लिहायचं, असं पेटची तयारी करणारे बरेच जण मला सांगतात. विषय वाईट नाही. पण त्यातले बहुतेक सिनॉप्सिस आठ पदांचा तक्ता काढतात, समोर आजच्या मंत्रालयांची नावं लिहितात आणि ‘महाराजांनी अधिकारांचं विकेंद्रीकरण केलं’ म्हणून मोकळे होतात. माझा पहिला आराखडाही असाच होता. तो का टिकत नाही, ते आज सांगतो.

सुरुवात जरा लांबून करू. नवी मुंबईत राहणाऱ्यांना पनवेलचं बेथ-एल सिनेगॉग ऐकून तरी माहीत असेल. बेने इस्राएल मंडळींचं हे प्रार्थनास्थळ. त्यांच्या धर्मग्रंथातल्या ‘राजे’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात शलमोन राजाच्या अधिकाऱ्यांची यादी आहे: याजक, चिटणीस, सेनापती, महालाचा कारभारी आणि वेठबिगारीवरचा अधिकारी अदोनीराम. त्याखाली मुलखावर नेमलेले बारा कारभारी येतात, प्रत्येकाने वर्षातून एक महिना राजवाड्याचा शिधा पुरवायचा. यादी फार सुबक आहे. कुणालाही वाटेल, काय वाटणी केली आहे!

आता तीच यादी परत वाचा. बारांपैकी दोघे राजाचे जावई आहेत. थोडं पुढे गेलात की कळतं, योसेफाच्या घराण्याच्या वेठीवर नेमलेला यराबाम नावाचा होतकरू अधिकारी राजावरच उलटला. शलमोनाचा मुलगा रहबाम गादीवर आला तेव्हा लोकांनी ओझं हलकं करा म्हणून विनवलं. त्याने ऐकलं नाही, वर त्याच वेठीच्या अधिकाऱ्याला त्यांच्याकडे पाठवलं. लोकांनी त्याला दगडांनी ठार मारलं आणि राज्य फुटलं. शिवाय या पुस्तकाचं आजचं रूप शलमोनाच्या कित्येक पिढ्या नंतर तयार झालं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे यादी आहे, पण ती कोणी, कधी आणि काय आठवून लिहिली, हा वेगळाच प्रश्न.

हाच प्रश्न रायगडावर घेऊन चला.

6 जून 1674 रोजी राज्याभिषेक झाला. त्या वेळच्या कानुजाबत्यात प्रधानांची कामं नेमून दिली आहेत. मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान, अण्णाजी दत्तो सचिव, हंबीरराव मोहिते सेनापती, निराजी रावजी न्यायाधीश वगैरे. न्यायाधीश आणि पंडितराव सोडले तर बाकीच्यांना मोहिमेवरही जावं लागे, हे तुम्ही पाठ केलेलं असणारच. पण कामांची वाटणी नीट बघा. राजपत्रावर शिक्का पेशव्याचा, आणि तीच पत्रं तपासून मजकुरातलं कमी-जास्त दुरुस्त करायचं सचिवाने. काम एकाला सोपवलं आहे आणि त्यावरची नजर दुसऱ्याला.

गडावर तर हे आणखी स्पष्ट दिसतं. सभासदाच्या बखरीत गडाचा कारभार एकाच्या हाती दिलेला नाही. हवालदार, सरनोबत आणि सबनीस सारख्या दर्जाचे, कोठारं सांभाळायला कारखानीस निराळा. किल्ल्या हवालदाराकडे, पण हिशेब आणि हजिरी त्याच्याकडे नाही. ही माणसं जाणूनबुजून वेगवेगळ्या जातींतून नेमली जात. एकाच्या मनात फितुरी आली तरी दुसऱ्याच्या संमतीशिवाय गड हातचा जाऊ नये, अशी ती बांधणी होती. मोबदला शक्यतो रोख किंवा वरातीवर, गाव तोडून नाही. याला विश्वास म्हणायचं की अविश्वास? मला वाटतं, अविश्वासाची सोय आधी करून ठेवली होती, म्हणून विश्वास टाकता आला. महाराज 1666 मध्ये आग्र्यात अडकले तेव्हा, आणि 1677 मध्ये कर्नाटकाच्या मोहिमेवर वर्षभराहून जास्त बाहेर होते तेव्हाही, मागे कारभार बंद पडला नाही.

पण खरी कसोटी मालक प्रवासाला गेल्यावर लागत नाही, मालकच उरला नाही की लागते. एप्रिल 1680. महाराज गेले. अण्णाजी दत्तो आणि मोरोपंत राजाराम महाराजांच्या बाजूने उभे राहिले आणि संभाजी महाराजांना पकडायला पन्हाळ्याकडे निघाले. त्यांना वाटेत अडवून कैद केलं हंबीररावांनी. हंबीरराव म्हणजे सोयराबाईंचे सख्खे भाऊ, राजारामांचे मामा! शलमोनाचे जावई आठवा. नातं बघून माणूस कुठे उभा राहील हे सांगता येत नाही, हे आपल्याकडच्या या एका घटनेत जेवढं दिसतं तेवढं कुठल्याही तक्त्यात दिसणार नाही. सेनापती पेशव्याच्या ताब्यात नव्हता, म्हणून हे शक्य झालं. पुढच्याच वर्षी, 1681 मध्ये, अण्णाजींना कटाच्या आरोपावरून मृत्युदंड झाला. सिनॉप्सिसमध्ये ‘आदर्श अष्टप्रधान’ लिहिताना हे साल कुठे बसवणार, याचं उत्तर तयार ठेवा. मुलाखतीत विचारतात.

यापुढे मी पद सोडून माणूस धरला, आणि वाचन सोपं झालं. माणूस म्हणजे रामचंद्र नीळकंठ. 1674 मध्ये अमात्य म्हणून त्यांचं नाव येतं, तेव्हा ते अगदी तरुण होते. 1689 मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले. मागे राहिलेला मुलूख त्यांनी ‘हुकूमतपनाह’ किताब देऊन याच रामचंद्रपंतांवर सोपवला, जोडीला शंकराजी नारायण. राजा शेकडो कोस दूर, तोही वेढ्यात, आणि बादशहा स्वतः दक्षिणेत. पूर्वीची ती एकमेकांवरची नजर आता कोण ठेवणार? पत्राचं उत्तर यायलाच महिने लागत. त्यात बादशहा सरदारांना वतनांचं आमिष दाखवू लागला. मग इकडूनही सनदा सुटल्या, जिंकाल तो मुलूख तुमचा, या थाटाच्या. राज्य वाचलं, पण रोख पगाराचा शिरस्ता मोडला. संताजी घोरपडे आणि धनाजी जाधव यांचं वैर विकोपाला गेलं आणि 1697 मध्ये संताजी मारले गेले.

याच रामचंद्रपंतांच्या नावावर 1715-16 च्या सुमाराचं ‘आज्ञापत्र’ आहे, आणि वतनदारांबद्दल त्यात किती सावधपणा आहे तो बघा. तत्त्वज्ञान म्हणून वाचलंत तर ते कोरडं वाटेल. पण ज्याच्या कारकिर्दीत अशी वतनं द्यावी लागली त्याच माणसाचं ते लिखाण आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

आणि सभासदाची बखर? जिच्यातून आपण गडावरची ती नेटकी व्यवस्था उचलतो? ती कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून, 1697 च्या सुमारास, जिंजीत बसून लिहिली. बाहेर मोगलांचा वेढा होता.