अर्नाळ्यात कौलारू घर भाड्याने घेताना

चर्चगेटहून सुमारे साठ किलोमीटरवर असलेल्या विरार स्थानकात उतरून पश्चिमेचा रस्ता धरला, की इमारतींची गर्दी हळूहळू मागे पडते. आगाशी ओलांडल्यावर केळी, नारळ आणि फुलझाडांच्या वाड्या लागतात आणि स्थानकापासून दहाएक किलोमीटरवर अर्नाळ्याचा समुद्र दिसू लागतो. बस आणि रिक्षा यांची सोय असल्याने मुंबईकरांना हे गाव दोन-तीन दिवसांच्या मुक्कामास सोयीचे आहे. हॉटेलपेक्षा वाडीतील जुन्या घरात राहण्याची आवड असणाऱ्यांनी मात्र काही गोष्टी आधीच समजून घ्याव्यात.

घराची पाहणी

पुढे ओटी वा पडवी, मध्ये माजघर, मागे स्वयंपाकघर आणि परसात विहीर, ही या भागातील जुन्या घरांची सर्वसाधारण रचना. लाकडी वाशांवर मंगलोरी कौले असतात. मंगळूरच्या बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढल्यानंतर ही कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली. उतरत्या छपरामुळे पावसाचे पाणी झरझर ओघळते आणि उन्हाळ्यात घर थंड राहते. परंतु खारी हवा लोखंडाला आणि वाळवी लाकडाला खाते. त्यामुळे घर ठरविण्यापूर्वी वासे, तुळया आणि विजेच्या तारा दिवसाउजेडी पाहाव्यात. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होऊ शकते. पिण्याच्या पाण्याची सोय कोणती, हे स्पष्ट विचारावे. न्हाणीघर आणि शौचालय घरात आहे की परसात, हेही वृद्ध मंडळी सोबत असल्यास महत्त्वाचे ठरते.

व्यवहार

दोन-चार दिवसांसाठी आगाऊ रकमेची पावती, माणसांची संख्या आणि जेवणाचा दर लिहून घेणे पुरेसे असते. संपूर्ण हंगामासाठी किंवा काही महिन्यांसाठी घर घ्यायचे असल्यास ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. अनामत रक्कम, वीजबिल आणि कौले फुटल्यास दुरुस्ती कोणी करायची, याचा उल्लेख करारात असावा.

समुद्र आणि किल्ला

किनाऱ्यासमोरच्या बेटावर अर्नाळ्याचा जलदुर्ग आहे. पोर्तुगीजांकडून मराठ्यांनी तो १७३७ मध्ये घेतला. प्रवेशद्वारावरील शिलालेखात बाजीरावांचा उल्लेख आहे. आत गोड्या पाण्याचे अष्टकोनी तळे असून बेटावर मच्छीमारांची वस्ती आहे. २०२५ मध्ये नौदलात दाखल झालेल्या ‘आयएनएस अर्नाळा’ या युद्धनौकेला याच किल्ल्याचे नाव दिले आहे. बेटावर होडीने जावे लागते. परतीची वेळ नावाड्याकडून आधीच ठरवून घ्यावी.

भरतीचा अंदाज घेण्याची कोकणातील जुनी रीत सोपी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला ती सहाच्या सुमारास येते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण मोठे असते. हा केवळ अंदाज आहे. पाण्यात उतरण्यापूर्वी स्थानिक कोळ्यांना विचारणेच शहाणपणाचे. पावसाळ्यात तर समुद्रस्नानाचा मोह टाळावाच.

घर टिकावे म्हणून

लाटांच्या माऱ्याने या किनाऱ्याची धूप होत असून सुरूची अनेक झाडे उन्मळून पडली आहेत. दुसरीकडे विरारची वाढ वाड्यांच्या कुंपणापर्यंत पोहोचली आहे. दरवर्षी पावसापूर्वी कौले चाळणे, वासे बदलणे हा खर्च शेतीच्या उत्पन्नातून भागतोच असे नाही. अशा वेळी सुटीतील पाहुण्यांचे भाडे घराच्या डागडुजीला हातभार लावते. त्यामुळे अवाजवी घासाघीस न करता वाजवी दर द्यावा, रात्री मोठ्या आवाजात गाणी लावू नयेत आणि कचरा वाडीत टाकू नये. निघताना आगाशीची प्रसिद्ध सुकेळी मिळाली तर जरूर घ्यावीत. घर नीट झाडून, किल्ली मालकाच्या हाती देऊनच निघावे. पुढच्या खेपेस तेच दार आपलेपणाने उघडते.