खेळण्यातल्या विटांचा मध्ययुगीन किल्ला : आराखडा, प्रमाण आणि बांधणी

एकमेकींत घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांपासून मध्ययुगीन युरोपीय किल्ल्याची मोठी प्रतिकृती उभारणे, हा छंद आज मुलांइतकाच प्रौढांचाही झाला आहे. मात्र उत्साहाने आरंभलेले असे किल्ले अनेकदा अर्ध्यावरच थांबतात. विटा संपतात, जागा अपुरी पडते किंवा तट चढत जातो तसतसा आराखडाच चुकल्याचे ध्यानात येते. हे टाळायचे असेल, तर पहिली वीट ठेवण्यापूर्वी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात : किल्ला कोणत्या प्रमाणात बांधायचा आणि त्याची कोणती भिंत कशासाठी आहे. वेल्समधील बोमॅरिसचा किल्ला नमुना म्हणून घेऊन या दोन्ही प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

विटेचा इतिहास

या विटांचे सर्वांत परिचित नाव लेगो. डेन्मार्कमधील बिलुंड या गावी ओले कर्क क्रिस्टियानसेन या सुताराने १९३२ मध्ये लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला. त्यातून ही कंपनी वाढली. आजच्या विटेच्या रचनेसाठी पेटंटचा अर्ज २८ जानेवारी १९५८ रोजी दाखल झाला. विटेच्या माथ्यावरचे गोल उंचवटे, म्हणजे स्टड, वरच्या विटेच्या पोटातील नळ्यांमध्ये अडकतात आणि जोड पक्का होतो. त्या काळची वीट आजच्या विटेतही बसते. १९६३ पासून विटांसाठी एबीएस हे टणक प्लास्टिक वापरात आले.

हातपाय हलवता येणाऱ्या छोट्या बाहुल्या १९७८ मध्ये आल्या आणि त्याच वर्षी या कंपनीचा पिवळ्या विटांचा किल्ला बाजारात आला. त्यात ७६७ तुकडे आणि चौदा बाहुल्या होत्या. २०२२ मध्ये कंपनीला नव्वद वर्षे झाली, तेव्हा निघालेल्या सिंहचिन्हांकित सरदारांच्या किल्ल्यात ४,५१४ तुकडे आणि बावीस बाहुल्या होत्या. तयार संचाची मजल बहुधा इतकीच असते. त्यापुढचा किल्ला स्वतःच आखावा लागतो.

नमुना : बोमॅरिस

वेल्समध्ये १२९४ साली झालेल्या उठावानंतर इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने अँगलसी बेटावर बोमॅरिसच्या किल्ल्याचे काम १२९५ मध्ये सुरू केले. प्रमुख स्थपती होता मास्टर जेम्स ऑफ सेंट जॉर्ज. किल्ला सपाट, दलदलीच्या जमिनीवर असल्याने डोंगरउतार किंवा खडक यांची अडचण नव्हती. त्यामुळे आराखडा जवळजवळ भूमितीच्या पुस्तकातील आकृतीइतका समतोल झाला. विटांनी बांधणाऱ्याला हा किल्ला सोयीचा वाटतो तो त्यामुळेच.

रचना एकात एक दोन कोटांची आहे. आत साधारण चौकोनी बालेकिल्ला असून त्याला सहा बुरूज आणि समोरासमोर दोन भक्कम द्वारवास्तू आहेत. त्याभोवती आठ बाजूंचा, कमी उंचीचा परकोट आणि त्याच्याही बाहेर खंदक. आतला तट सुमारे ११ मीटर उंच व ४.७ मीटर जाड आहे. तो उंच आणि बाहेरचा ठेंगणा ठेवण्यामागे हेतू आहे. आतल्या तटाच्या फांजीवर उभे असलेले धनुर्धारी बाहेरच्या तटावरील आपल्या माणसांच्या डोक्यावरून बाण सोडू शकत, म्हणजे शत्रूवर एकाच वेळी दोन पातळ्यांवरून मारा होई. प्रतिकृतीत दोन्ही तट सारख्या उंचीचे झाले, तर विटा कितीही लागोत, त्या रचनेचा अर्थच नाहीसा होतो.

दरवाजांचेही तसेच. बाहेरचा दरवाजा आतल्या दरवाजाच्या सरळ रेषेत नाही. आत घुसलेल्या शत्रूला दोन तटांमधल्या अरुंद पट्ट्यात वळावे लागे आणि त्या वळणावर तो माऱ्याखाली येई. सह्याद्रीतील किल्ल्यांची वळणदार प्रवेशमार्गांची रचना ज्याने पाहिली आहे, त्याला हा विचार परका वाटणार नाही. प्रतिकृतीत सोयीसाठी दोन्ही दरवाजे एका रेषेत आणण्याचा मोह टाळावा.

प्रमाणाचा हिशेब

दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणाऱ्या महाराष्ट्रातील वा बेळगावातील मुलांना प्रमाणाची अडचण ठाऊक असते : दारातला मावळा बुरुजाहून उंच दिसतो. विटांच्या किल्ल्यात हाच प्रश्न आकड्यांनी सोडवता येतो. बाहुलीची उंची सुमारे ४ सेंटिमीटर असते. माणूस १७० सेंटिमीटरचा धरला, तर प्रमाण साधारण १:४२ येते.

या प्रमाणात ११ मीटरचा तट २६ सेंटिमीटरचा होतो. एका विटेची उंची ९.६ मिलिमीटर, म्हणजे सत्तावीस थर. बोमॅरिसच्या बालेकिल्ल्याचे क्षेत्र सुमारे पाऊण एकर आहे. तो चौरस मानला, तर एक बाजू ५५ मीटरच्या आसपास, म्हणजे प्रतिकृतीत १.३ मीटर भरते. आठ स्टडची नेहमीची वीट सुमारे ३२ मिलिमीटर लांब असते. चारही बाजूंच्या तटाच्या केवळ बाह्यांगासाठी अशा सुमारे ४,४०० विटा लागतात. आतली बाजूही धरली, तर आकडा ८,००० च्या घरात जातो. एका विटेचे वजन २.३ ग्रॅम धरले, तरी नुसता तट अठरा किलोंचा होतो. बुरूज, द्वारवास्तू, परकोट आणि खंदक यांचा हिशेब अजून व्हायचाच आहे.

प्रमाण निम्मे, म्हणजे १:८४ केले, तर लांबी आणि उंची दोन्ही निम्म्या होतात आणि दर्शनी विटा एक चतुर्थांशावर येतात. ४,४०० च्या जागी सुमारे १,१०० विटा पुरतात. मात्र मग बाहुल्या ठेवता येत नाहीत. तिसरा मार्ग आहे तो उंची राखून लांबी आखडण्याचा. दोन बुरुजांमधली भिंत कमी केली तरी चालते. परंतु दोन तटांच्या उंचीतील फरक, दरवाजाचे वळण आणि बुरुजांचा तटाबाहेर आलेला भाग यांना हात लावू नये.

तट आणि बुरूज

गवंडी ज्याप्रमाणे वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येऊ देत नाही, त्याचप्रमाणे येथेही प्रत्येक थरात अर्ध्या विटेचा फरक ठेवावा; अन्यथा तट उभ्या रेषेत फाकतो. तट भरीव करण्याची गरज नाही. दोन पातळ भिंती उभारून त्या ठरावीक अंतरावर आडव्या विटांनी जोडल्या, तर जाडीही दिसते आणि विटाही वाचतात.

पातळ पट्टी विटेच्या एक तृतीयांश उंचीची, म्हणजे ३.२ मिलिमीटर असते. अशा पाच पट्ट्यांची चळत १६ मिलिमीटर भरते आणि दोन स्टडची रुंदीही तितकीच असते. या जुळणीमुळे विटा आडव्या करूनही रचनेत अचूक बसवता येतात. बाण सोडण्याच्या अरुंद उभ्या फटी, आपल्याकडील जंग्यांसारख्या, आणि दरवाजावरील कोरीव दगडाचा भास याच युक्तीने साधतो.

गोल बुरूज हे सर्वांत कठीण काम. लहान बुरुजासाठी बिजागरीच्या पट्ट्या वापरून अष्टकोनी घेर करता येतो. मोठ्या घेरासाठी एक स्टडच्या गोल विटा आणि लांबट विटा आलटून पालटून लावाव्या. गोल विटांमुळे भिंतीला किंचित लवचिकपणा येतो आणि ती वळवता येते. परकोटाच्या तिरप्या बाजूंसाठी ३, ४ आणि ५ या बाजूंचा काटकोन त्रिकोण उपयोगी पडतो. त्याच्या कर्णावर बसवलेली भिंत दोन्ही टोकांना स्टडवर बरोबर येते.

रंग, जोडणी आणि जतन

एकाच राखाडी रंगाचा तट निर्जीव दिसतो. फिकट राखाडीत गडद राखाडी व थोडा मातकट रंग मिसळावा. पायथ्याशी, जेथे ओल चढते, तेथे हिरवट छटा द्यावी. जुन्या विटा विकत घेताना एक काळजी आवश्यक : २००४ च्या सुमारास लेगोच्या राखाडी रंगाची छटा बदलून निळसर झाली. जुन्या-नव्या विटा नकळत मिसळल्या, तर तटावर ठिगळे दिसतात.

किल्ला सुट्या भागांत बांधणे इष्ट. बत्तीस स्टडची पायापट्टी सुमारे २५.६ सेंटिमीटरची असते, १.३ मीटरच्या बालेकिल्ल्याला प्रत्येक बाजूस पाच लागतात. प्रत्येक बुरूज स्वतंत्र ठेवून खिळीने तटाशी जोडला, तर किल्ला हलवता येतो आणि चूक झाल्यास तेवढाच भाग उकलता येतो. उन्हात एबीएस पिवळे पडते, म्हणून मांडणी खिडकीपासून दूर असावी. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी.

अपुऱ्या किल्ल्याचा प्रश्न

बोमॅरिसच्या बांधकामाबाबत १२९६ मध्ये पाठवलेल्या पत्रात ४०० पाथरवट, २,००० मजूर आणि २०० खाणकामगार यांचा उल्लेख आहे. मजुरी थकल्याने माणसे टिकवणे अवघड झाल्याची तक्रारही त्यात आहे. पुढे स्कॉटलंडच्या युद्धाकडे पैसा वळला. १३३० पर्यंत सुमारे १५,००० पौंड खर्च होऊनही किल्ला पुरा झाला नाही आणि काम थांबले. बुरूज नियोजित उंचीला पोहोचले नाहीत. उत्तरेकडील द्वारवास्तूचा वरचा मजला कधी चढलाच नाही.

म्हणून प्रतिकृती करणाऱ्याने आरंभीच ठरवावे, की आज दिसणारा किल्ला बांधायचा की आराखड्यातला. दोन्ही ग्राह्य आहेत; मात्र दुसरा निवडला, तर कोणता भाग कल्पनेने पूर्ण केला आहे, हे सोबतच्या पाटीवर लिहावे आणि तो भाग वेगळा काढता येईल असा बांधावा. एडवर्डच्या गवंड्यांनाही तट सर्व बाजूंनी थोडाथोडा चढवावा लागला होता. विटा मोजक्या असतील, तर तीच रीत उपयोगी पडते : आधी दोन्ही कोट पूर्ण वेढ्याने ठेंगणे उभारावेत आणि मग उंची वाढवत न्यावी. अशा रीतीने काम मध्येच थांबले, तरी जे उभे असते ते किल्ल्यासारखेच दिसते.