विरोधकाचे नाव धारण करणारी मंडई

१/ पुण्याच्या शुक्रवार पेठेतील मंडई आज महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाते. जोतीराव माळी समाजातले. फुलांचा आणि भाजीपाल्याचा व्यवसाय त्यांच्या घरातलाच. त्यामुळे हे नाव स्वाभाविक वाटते. प्रत्यक्षात ही मंडई बांधण्याचा प्रस्ताव नगरपालिकेपुढे आला, तेव्हा त्याला विरोध करणाऱ्यांत स्वतः जोतीराव होते.

२/ त्यापूर्वी शहराचा भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात भरे. १८१८ साली पेशवाई संपली, १८२८ च्या आगीत वाड्याच्या आतील इमारती जळाल्या. दरवाजासमोरचा बाजार मात्र चालूच राहिला. तेथे उन्हापावसाला आडोसा नव्हता. छप्पर असलेला, स्वच्छ बाजार शहराला हवा, ही नगरपालिकेची भूमिका निराधार नव्हती.

३/ नव्या इमारतीसाठी शुक्रवार पेठ निवडली गेली. पेशवाईत जिवाजीपंत खासगीवाले यांनी वसवलेली ही पेठ. त्याच घराण्याच्या बागेची जागा मंडईसाठी घेण्यात आली. खर्च सुमारे ३ लाख रुपये. त्या काळातील नगरपालिकेसाठी ही रक्कम प्रचंड होती.

४/ जोतीराव १८७६ पासून काही वर्षे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. भव्य इमारतीवर एवढा पैसा ओतण्याऐवजी तो गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः बांधकामाची कंत्राटे घेतलेल्या माणसाला दगडचुन्याचा हिशेब कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्यांचा आक्षेप होता तो खर्चाच्या क्रमाला.

५/ १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनातही हाच विचार दिसतो. सरकारी महसूल मुख्यतः रयतेच्या घामातून येतो, पण शिक्षणावरील खर्चाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, अशी तक्रार त्यांनी तेथे मांडली आणि वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली.

६/ मंडई अखेर झाली. १८८६ साली ती खुली झाली आणि मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून ‘रे मार्केट’ म्हणवली जाऊ लागली. मधोमध अष्टकोनी मनोरा आणि त्याभोवती फाकलेल्या दगडी खांबांच्या पडव्या, अशी तिची रचना. चार वर्षांनी, १८९० मध्ये, जोतीरावांचे निधन झाले.

७/ पुढे हा परिसर राजकारणाचेही केंद्र बनला. १९२४ साली मंडईजवळ लोकमान्य टिळकांचा पुतळा उभा राहिला. अनावरण मोतीलाल नेहरूंनी केले. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना, त्यांच्या पुढाकाराने ‘रे मार्केट’ची महात्मा फुले मंडई झाली.

८/ गव्हर्नरचे नाव जाऊन जोतीरावांचे नाव आले, हा न्यायच होता. मात्र नाव रुळले आणि विरोध विस्मरणात गेला. पाटी वाचणाऱ्याला वाटते, की ही वास्तू त्यांच्याच स्वप्नातली असावी. सार्वजनिक पैशातून आधी काय उभे राहावे, इमारत की शाळा, हा त्यांचा प्रश्न त्या पाटीवर कोठेही लिहिलेला नाही. मंडईचा इतिहास सांगताना इमारतीच्या मनोऱ्याइतकीच त्या प्रश्नाचीही नोंद व्हायला हवी.